दोनशेची बोली

मला कॉलेजात घातलं ते दिलीपला वेळेवर भाकरी मिळावी म्हणून.

हे मी रागानं सांगत नाही, फक्त माहिती म्हणून सांगते. (राग आहेच. तो पुढे येईल.) दिलीप माझा धाकटा भाऊ. मी इंटर पास होऊन वर्षभर घरी बसले होते, कारण पोरीला पुढे शिकवायला घरात पैसे नव्हते. पुढच्या वर्षी दिलीप इंटर झाला आणि पैसे निघाले! कुठून निघाले ते विचारू नका. आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरच्या अलीकडचं आमचं गाव, काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. पैसे तिथून निघायचे तेव्हाच निघतात, पण पोरगा इंटर झाला की आदल्या वर्षीचेही निघतात.

दिलीपनं आदिलाबादला बी.ए. करायचं ठरलं. शहराला लागून असलेल्या मावल्यात एक खोली भाड्यानं बघितली. मग मायला घोर लागला.

"माह्या लेकराच्या पोटाले हॉटेलचं सोसत नाई," ती बाबांना म्हणाली. "सुमनले पाठवा त्याच्यासंगं. भाकरी बी होईन, शिकून बी होईन."

याच क्रमानं. आधी भाकरी, मग शिक्षण. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि मला बोलावलं.

"पाह्य सुमन, जाय तू. पण एक साल जरी गेलं तुहं, त सरळ घरी यायचं. नार्नूरवाले वाट पाहूनच राह्यले."

"आणि दिलीपचं साल गेलं तर?" मी विचारलं.

"पोट्ट्याचं काय! कॉलेज काई पळून नाई जात."

नार्नूरवाले म्हणजे माझं ठरता ठरता राहिलेलं स्थळ. त्यांचं खताचं आणि बी-बियाण्याचं दुकान होतं. मुलगा मला बघायला आला तेव्हा माझ्या हातचे पोहे तोंडात असताना त्यानं विचारलं होतं, "स्वयंपाक येते काय?" तेवढाच एक प्रश्न. उत्तर त्याच्या तोंडात होतं तरी विचारला! मी त्या दिवशी मनात पक्कं केलं की जन्मभर भाकऱ्याच थापायच्या असतील तर दिलीपच्या थापीन, पण पदवी घेऊन थापीन. म्हणून माझ्यासाठी प्रत्येक परीक्षा म्हणजे नार्नूरची बस हुकवणं होतं. एक जरी परीक्षा चुकली की बसमध्ये बसायचं.

आता पैशाचं सांगते. नोकरदार घरांत पैसा महिन्याला येतो. आमच्याकडे वर्षातून एकदा. कापूस विकला की आला, पुढचा कापूस विकेपर्यंत तोच. बाबा आदिलाबादच्या यार्डात गाडी लावायचे, लिलाव व्हायचा, नोटा हातात यायच्या, आणि त्यातून आम्हा दोघांचा वर्षाचा खर्च ते तिथल्या तिथे मोजून काढायचे. मोजलेला गठ्ठा दिलीपच्या वरच्या खिशात घालून त्यावर स्वतःच्या हातानं सेफ्टीपिन लावायचे.

"बाबा, निम्मे माझ्याकडे द्या ना," मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं.

"पैशाले एकच हात लागला पायजे," बाबा म्हणाले. "आन् बाईमाणसाच्या हाती पैसा टिकत नसते."

हे जिचा नवरा बोलत होता, ती आमची माय लोणी आणि अंडी विकून वर्षाचे आठ महिने घर चालवत होती! पण त्याला बाबा पैसा म्हणत नसत. त्याला ते चिल्लर म्हणत.

आमच्या यार्डात एक रीत आहे. ज्याचा ढीग चांगल्या भावानं गेला, त्यानं चहा-भजी सांगायची. हमालाला, शेजारच्या गाडीवाल्याला, जो कोणी उभा असेल त्याला. पैसे दुसऱ्यानं काढले तर तो अपमान. दिलीप लहानपणापासून बाबांबरोबर यार्डात जायचा. पेरणी त्याला कंटाळवाणी वाटायची, निंदणी त्याच्या पाठीला सोसत नसे, वेचणीला त्याची बोटं दुखायची. शेतीतलं हे शेवटचं काम मात्र त्यानं मन लावून शिकून घेतलं होतं.

ही विद्या घेऊन तो कॉलेजात आला. बसस्टँडजवळच्या हॉटेलात पहिल्या दिवशी चौघं मित्र बसले आणि बिल आलं. दिलीपनं सेफ्टीपिन काढली. दुसऱ्या दिवशी सहा मित्र बसले. आठवड्याभरात हॉटेलवाल्यानं त्याच्यासाठी वेगळं बाकडं लावलं! कापूस विकल्यावरचे दोन महिने तो 'दिलीप पाटील' असायचा. (आम्ही पाटील नाही. आमच्या घराण्यात कोणी साधा कोतवालही झालेला नाही.) पुढचे तीन-चार महिने 'दिलीपभाऊ'. त्यानंतर पुढचा कापूस येईपर्यंत नुसता 'अबे दिल्या'. बाजारातला भाव आणि त्याचं नाव बरोबरीनं चढायचं-उतरायचं.

त्याची खरेदीही तशीच. पावसाळ्यात गॉगल घेतला. एका वर्षी टाचेचे बूट आणले, ते चावायचे म्हणून नुसते खोलीत ठेवायचा आणि बाहेर माझ्या रबरी चपला घालून जायचा. एकदा सगळी टोळी कुंटाळ्याच्या धबधब्याला गेली. दिलीपनं भाड्यानं कॅमेरा घेतला आणि दिवसभर सगळ्यांचे फोटो काढले. पोरं भांग पाडून, कमरेवर हात ठेवून, एकेकटी, दोघा-दोघांत उभी राहिली. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं! रिळाचे पैसे जाताना रस्त्यात भज्यांत गेले होते आणि मित्रांचा हिरमोड होऊ नये म्हणून यानं कोणाला सांगितलं नाही.

"मग पुढे काय सांगशील त्यांना?" मी विचारलं.

"सांगीन, रीळ जळलं म्हून. त्यायच्या तोंडावरचा आनंद पाह्यला असता तू!"

शिल्लक रक्कम खोलीतल्या डालड्याच्या डब्यात असायची आणि डब्याला कुलूप असायचं. त्यातून रोज सकाळी मला भाजीचे पैसे मिळायचे. मोजून आणि उपकार केल्यासारखे.

मग मीही शिकले. सकाळच्या ताज्या भाजीचे पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी बाजार उठताना पडेल भावाची वांगी आणायची. रोजचा एक रुपया सुटायचा. दिलीप तक्रार करायचा, "ताई, आजकाल भाजीले चव काऊन नाई?" मी म्हणायची, "खत जास्त टाकतात रे." (नार्नूरच्या दुकानावर तेवढाच सूड.) अशा त्या मेलेल्या वांग्यांच्या जिवावर मी परीक्षेच्या फीची तयारी सुरू केली. कारण दिलीपच्या डब्याचा तळ पाहायला मी दोन वर्षांत सरावले होते आणि हे शेवटचं वर्ष होतं.

पण साठलेला पैसा ठेवायचा कुठे? खोली एक. दिलीपच्या नाकाला नोटांचा वास यायचा. एकदा मी तांदळात लपवलेली दहाची नोट त्यानं भात न खाता शोधली होती. मग शेजारच्या खोलीतल्या सरोजानं उपाय सांगितला. सरोजा निर्मलची, तेलुगू घरातली, माझ्याच वर्गात. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्या वरलक्ष्मम्मांच्या मालकीच्या होत्या आणि भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरी आणि गल्लीतल्या बायका मिळून त्यांच्या ओसरीवर चिट्टी चालवायच्या.

"तू भी डाल ना," सरोजा म्हणाली. "दस जने, महीने के तीस रुपये. तीन सौ की चिट्टी. जिसको जरूरत, वो पाट बोल के उठा लेती."

मला वाटलं, ही तर आपली भिशी! आमच्या मायच्या माहेरी, पैनगंगेच्या पलीकडे, बायका भिशी करायच्या. सगळ्यांनी पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळे पैसे घरी न्यायचे. इथे नाव न काढता 'पाट' बोलतात, म्हणजे बोली लावतात, एवढाच काय तो फरक. मी लगेच हो म्हटलं.

आणि कधीही काहीही विचारलं नाही! का विचारीन? वर्गात अर्थशास्त्रात माझा पहिला नंबर. मागणी आणि पुरवठ्याचे आलेख मीच सरोजाला समजावून सांगायची. ती बिचारी मान हलवायची. तिला मी चिट्टी म्हणजे काय ते विचारायचं?

चिट्टीची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायची. रविवारी दिलीपचे मित्र आमच्याकडे जेवायला असायचे (घरचं खाऊन खूप दिवस झाले, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी खूप दिवस झालेले असायचे), म्हणून मला जाता यायचं नाही. मी सरोजाजवळ तीस रुपये द्यायची. ती परत येताना चार-पाच रुपये आणून माझ्या हातावर ठेवायची. "ये तेरे." मला वाटायचं, व्याज! किती प्रामाणिक बायका आहेत म्हणून मला भरून यायचं. पैसे परत मिळतात तेव्हा कोणी खोलात जात नाही. अर्थशास्त्रातली माणसं तर नाहीच.

हिवाळा आला. त्या वर्षी कापसाला भाव पडला होता आणि बाबा भाव चढायची वाट बघत थांबले होते. घर आढ्यापर्यंत कापसानं भरलेलं, माय आणि बाबा कापसावरच झोपत, रात्रभर अंग खाजवत. इकडे परीक्षेच्या फीची नोटीस लागली. फी आणि कॉलेजची जुनी बाकी मिळून दीडशे रुपये. मी दिलीपला म्हटलं, "फी भरायची आहे."

"भरू नं बाप्पा! घाई काय?"

"शेवटची तारीख जवळ आलीय."

"शेवटची तारीख शेवटच्या दिवशी येते, ताई."

त्यानं डबा हलवून दाखवला. आतून एक किल्ली वाजली. ती त्याच डब्याची होती. म्हणजे कुलूप लावायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

मी घाबरले नाही. माझी चिट्टी होती! त्या रविवारी मी पिठलं ढवळून झाकून ठेवलं, मित्रांना वाढून घ्यायला सांगितलं आणि केस विंचरून वरलक्ष्मम्मांच्या ओसरीवर जाऊन बसले. मी धरून दहाजणी गोल करून बसलो होतो. मधे ताटात तीनशे रुपये. वरलक्ष्मम्मांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "चला, बोला."

शिंप्याच्या बायकोला शिवणयंत्र दुरुस्त करायचं होतं. ती म्हणाली, "मुप्पै." तीस.

तिच्या शेजारची बाई म्हणाली, "नलभै." चाळीस.

शिंप्याची बायको जरा घुटमळून म्हणाली, "याभै." पन्नास. आणि मान खाली घालून बसली.

मी थक्क झाले. ताटात तीनशे रुपये पडलेत आणि या बायका पन्नास मागतायत! किती हा संकोच, किती ही भिडस्त वृत्ती! मला त्या सगळ्यांची कणव आली. मी मनात म्हटलं, अशानंच आपल्या बायका मागे राहतात. मागायलासुद्धा धीर होत नाही यांना!

लिलाव मला नवा होता का? बाबांच्या गाडीवर बसून मी लहानपणापासून यार्डातले लिलाव पाहिले होते. अडते ढिगाभोवती उभे राहतात, एक बोली, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. आकडा चढला की बाबांची मान ताठ व्हायची. शेवटचा, सगळ्यात मोठा आकडा बाबांच्या हातात यायचा. लिलावात आकडा जितका मोठा तितकं आपलं भलं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कापूसवाल्याच्या पोरीच्या अंगातच असतं ते.

मी हिशेब केला. दीडशे फीचे. वर पन्नास असू द्यावेत, एखादी वही, एखादं पुस्तक. तीनशेच्या तीनशे मागणं चांगल्या घरच्या मुलीला शोभत नाही.

"दोनशे," मी म्हटलं. मराठीत निघून गेलं, म्हणून पुन्हा म्हटलं, "दो सौ!"

शिंप्याच्या बायकोनं मान वर केली. वरलक्ष्मम्मांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"निजमेना, अम्मा? सच्ची बोल रही? दो सौ?"

सरोजानं मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, शाबासकी! मी तिच्याकडे बघून हसले. तिनं दुसऱ्यांदा इतक्या जोरात ढोसलं की बरगडी दुखली. मला वाटलं, हेवा!

"सोच लो बेटी," वरलक्ष्मम्मा म्हणाल्या. "इत्ता कोई नहीं बोलता."

"म्हणूनच तर!" मी म्हणाले. "दो सौ बोले तो दो सौ. हम पीछे हटने वाले नहीं!"

मग एकदम आनंदीआनंद झाला. एका बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. शिंप्याची बायको, जिचं यंत्र त्या महिन्यात दुरुस्त व्हायचं राहिलं होतं, तीही हसायला लागली. कोणीतरी आतून गूळ-शेंगदाणे आणले. मला वाटलं, माझ्या धीटपणाचं कौतुक चाललंय. बायकांना मागायला शिकवणारी पहिली मुलगी! मी दोन शब्द बोलायच्या तयारीत होते. तेवढ्यात वरलक्ष्मम्मांनी ताटातल्या नोटा वेगळ्या केल्या, प्रत्येकीच्या हातावर वीस-वीस रुपये ठेवले, मलाही वीस दिले, आणि मग उरलेले शंभर माझ्यापुढे सरकवले.

मी वाट बघत बसले. त्या ताट उचलून आत निघाल्या.

"बाकी के?" मी विचारलं.

"बाकी कौन से?"

"मेरे! दो सौ!"

"वो तो तुमने छोड दिये ना, बेटी," वरलक्ष्मम्मा शांतपणे म्हणाल्या. "सब को बांट दिये. भगवान तुम्हारा भला करे."

आपल्या खोलीत नेऊन सरोजानं मला समजावलं. मी तिला आलेख समजावायची तसंच, हळूहळू, बोटांवर. चिट्टीत बोली लावायची ती किती हवेत याची नाही, किती सोडायची तयारी आहे याची. जिची नड मोठी ती जास्त सोडते आणि रक्कम उचलते. सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. दर महिन्याचे चार-पाच रुपये म्हणजे व्याज नव्हतं, कोणाकोणाच्या नडीतला माझा वाटा होता. तो मी सहा महिने आनंदानं खाल्ला होता.

"मैं इत्ती जोर से मारी तेरे को!" सरोजा म्हणाली. "समझी काय कू नहीं?"

तीनशे मागणं शोभत नाही म्हणून मी दोनशेवर थांबले होते. तीनशे म्हटलं असतं तर हातात काहीच आलं नसतं. घरच्या संस्कारांनी माझे शंभर रुपये वाचवले, एवढंच समाधान. वर चिट्टीचे राहिलेले हप्ते भरायचे होतेच. ते चुकत नसतात.

शंभर आणि वीस. फीला तीस कमी. मी भिंतीकडे तोंड करून रडले. सात महिन्यांची वांगी आठवून रडले. नार्नूरचं दुकान, तिथली खताची पोती, पोह्यांनी भरलेलं ते तोंड, सगळं डोळ्यांपुढे आलं. मित्र जेवून गेल्यावर मी रडतच आमच्या खोलीत परतले, तसं दिलीपनं विचारलं.

"काय झालं वं ताई? पिठल्यात मीठ नव्हतं म्हून रडून राह्यली का?"

मला सांगावंच लागलं. चोरून साठवलेला रुपया, चिट्टी, दोनशेची बोली, सगळं. त्यानं भाजीतल्या रुपयाबद्दल एक शब्द काढला नाही, ते त्याचं मोठेपण. पण दोनशेवर आलं आणि तो खाटेवर बसला, मग आडवा झाला, मग खाली पडला. पोट धरून हसत होता.

"तू दोनशे सोडले? तुह्या तोंडानं? ताई, तू त माह्यावरची निघाली! मले दोनशे उडवाले पंधरा दिवस लागते, तू एका बोलीत उडोले!"

"तुझी फी भरलीस?" मी विचारलं.

"भरली नं. नोटीस लागली त्याच दिवशी."

"आणि माझी?"

"डब्यात राह्यले असते त भरलीच असती!" तो खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाला. "मी काई परका हाव काय?"

मग तो उठून हॉटेलात गेला आणि बाकड्यावर उभं राहून सगळी हकिकत सांगितली, वरलक्ष्मम्मांच्या चष्म्यासकट. पोरं हसून हसून लोळली. पुन्हा सांग म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितली. हॉटेलवालाही गल्ला सोडून ऐकायला आला. ज्यांनी तीन वर्षं आमचा कापूस भज्यांबरोबर खाल्ला, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच खिशात हात घातला आणि माझ्यासाठी वर्गणी काढली. दिलीपनं बरोबर तीस रुपये आणून माझ्या ओंजळीत टाकले. त्यात चाराणे-आठाणेच जास्त होते. मला ते घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घेतले. खिडकीवरचा कारकून ती नाणी मोजताना तेलुगूत काहीतरी पुटपुटला, मी कळलं नाही असं दाखवलं. फी भरली गेली.

पुढच्या आठवड्यात बाबा कंटाळून कापूस घेऊन यार्डात आले. ढीग गेला, चहा-भजी आली, आणि दिलीपनं तिथेही माझी गोष्ट सांगितली. हमाल, अडत्या, शेजारचे गाडीवाले, सगळ्यांनी ऐकली. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हून मी म्हनतो, बाईमाणसाच्या हाती पैसा देऊ नाई."

माझा संयम सुटला. "बाबा, डबा कोणी रिकामा केला? माझ्या फीचे पैसे कोणाच्या खिशात होते? वर्षभर भजी कोणी चारली?"

बाबा शांतपणे म्हणाले, "त्यानं खर्च केला, पोरी. चार लोकायत राहून केला. तू त घालोले!"

एवढं बोलून त्यांनी नवा गठ्ठा मोजला, दिलीपच्या खिशात घातला आणि सेफ्टीपिन लावली. मला इतका राग आला की मी भजी खाल्ली नाहीत. माझ्या वाटची हमालानं खाल्ली. आजही तो यार्ड दिसला की माझ्या कपाळावरची शीर उडते.

यार्डात बोललेली गोष्ट यार्डात राहत नाही. ती कापसाच्या गाड्यांवर बसून गावोगाव गेली आणि उटनूरवरून नार्नूरला पोचली. महिन्याभरात निरोप आला. आमचं दुकानदाराचं घर आहे, पोरीला चार पैशाची अक्कल पाहिजे, तुमची पोरगी आमच्याकडे चालायची नाही. ज्या स्थळापासून वाचायला मी सात महिने शिळी वांगी खाल्ली, त्यानंच मला नापास केलं! माय रडली. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी अपमानही झाला. ज्याला फक्त पोह्यांचं कळत होतं, त्यानं माझी अक्कल काढावी? मी चरफडत परीक्षेला बसले आणि त्या चरफडीतच सगळे पेपर लिहिले.

निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला, अर्थशास्त्रात कॉलेजात सगळ्यात जास्त मार्क. दिलीपचे दोन विषय राहिले. गावात निकाल कळल्याच्या सकाळी माय मला चुलीपाशी घेऊन गेली आणि लोण्याच्या पैशातले पन्नास रुपये माझ्या मुठीत कोंबले.

"कोनाले सांगू नको. तुह्यासाठी ठेव."

ती वळली नाही तोच दिलीप आला. "ताई, पन्नासेक असतीन का वं तुह्याजवळ? कापूस आला का वापस देतो. तू पास झाली, मले सगळ्या गावाले पेढे चाराचे हाय!"

मी मूठ उघडली. दुपारी पेढे आले. दिलीपनं घरोघरी जाऊन वाटले. चावडीवर बाबा सगळ्यांना सांगत होते, "ऐन वखती दिलीपनं धावपळ करून फी भरली म्हून पोरगी पास झाली. पोट्टा दिलदार हाय." लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. एक म्हातारी तर त्याच्या नापास झालेल्या दोन विषयांवरूनही हात फिरवून गेली.

शेवटी तो माझ्यापाशी आला. खोक्यात एकच पेढा राहिला होता. त्यानं तो माझ्या तोंडात घातला आणि म्हणाला, "घे ताई, माह्याकडून."

आणि मी, अर्थशास्त्रात पहिली आलेली मी, डोळ्यांत पाणी आणून त्याला म्हणाले, "अरे, एवढा खर्च कशाला केलास!"